दोन चित्रांचे एक चित्र : कंपोझिटरची हत्यारे आणि ती शिकण्याची साधने

आजचे युग चित्रांचे युग आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. चित्रपट, मालिका, जाहिराती, मोबाइलवरच्या चित्रफिती यांनी आपले सारे घर व्यापले आहे. जे कधी घडलेच नाही ते घडल्यासारखे दाखवण्याची विद्या या चित्रांच्या पाठीशी उभी आहे. तिला व्हिज्युअल इफेक्ट्स, म्हणजे बोलण्यात 'व्हीएफएक्स', असे म्हणतात. आपल्या घरातील दहावी-बारावी झालेली मुले-मुली आता 'आम्हाला व्हीएफएक्स करायचे आहे' असे सांगू लागली आहेत. आई-वडिलांची मात्र पंचाईत होते. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक म्हणजे काय ते ठाऊक असते. 'कंपोझिटर' म्हणजे काय, हे कोणाला विचारावे?

आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी करणारे. हा आमचा धंदा नव्हे. परंतु फी भरण्याचे आणि शैक्षणिक कर्जाचे कागद आमच्या टेबलावरून जातात, आणि त्यांच्या मागचे चेहरेही आम्हाला दिसतात. लाखाच्या घरातली रक्कम भरून परत जाणाऱ्या पालकांना आपण नेमके काय विकत घेतले हे ठाऊक नसते, हे पाहून आम्ही या विषयाची पुस्तके चाळली आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या तरुणांशी चर्चा केली. त्यातून जे हाती आले ते सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न. सदर लेख वाचून एका जरी मुलाने योग्य पुस्तक आणि योग्य हत्यार हाती घेतले, किंवा एका जरी पालकाने सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारले, तर पुष्कळ झाले.

कंपोझिटर म्हणजे कोण?

नायक पुलाच्या कडेवर उभा आहे, खाली दरी आहे, मागे धुके आणि किल्ला आहे, असे दृश्य आपण पाहतो. प्रत्यक्षात नायक स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर उभा असतो. किल्ल्याचे चित्र दुसऱ्याच कोणी रंगवलेले असते, दरी संगणकावर तयार झालेली असते आणि धुके तिसऱ्याच ठिकाणी काळ्या पार्श्वभूमीवर चित्रित केलेले असते. हे सारे तुकडे एकत्र आणून 'एकाच कॅमेऱ्याने एकाच क्षणी टिपले' असे वाटणारे चित्र ज्याच्या हातून पुरे होते, तो कंपोझिटर. शॉट प्रेक्षकासमोर जाण्यापूर्वी इफेक्ट्सच्या साखळीतला बहुधा शेवटचा हात त्याचा असतो. म्हणूनच त्याचे काम चांगले झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडले तर मात्र सर्वांना दिसते.

हे काम शंभर वर्षांहून जुने आहे

ही विद्या संगणकाबरोबर जन्मली असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी १८९८ साली एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्रण करून स्वतःचीच अनेक डोकी पडद्यावर दाखवली होती. काळा भाग राखून ठेवायचा आणि नंतर त्या राखलेल्या जागी दुसरे चित्र घ्यायचे, ही त्यामागची युक्ती. आजचा कंपोझिटर जिला 'मॅट' म्हणतो, ती राखीव जागा तीच.

आपल्या महाराष्ट्राचा तर या विद्येशी जुना संबंध आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके छायाचित्रण जाणत होते, छपाई जाणत होते आणि 'प्रोफेसर केळफा' या, स्वतःचेच आडनाव उलटे करून घेतलेल्या, नावाने जादूचे प्रयोगही करीत. चित्रपट काढण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने टिपून एक लहानशी फिल्म तयार केली. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आणि १९१९ चा 'कालिया मर्दन' यांतील चमत्कारदृश्ये त्यांनी कॅमेऱ्याच्या करामतींनी घडवली. १९३६ साली प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये दामले-फत्तेलाल यांनी तुकोबांचे वैकुंठगमन पडद्यावर आणले. त्या काळी ना संगणक होता ना माउस.

पुढे निळा पडदा आला. लॅरी बटलर यांनी १९४० च्या 'थीफ ऑफ बगदाद'साठी ही पद्धत वापरली व तिला ऑस्कर मिळाले. पेट्रो व्लाहोस यांनी १९५९ च्या 'बेन हर'च्या वेळी तीत मोठी सुधारणा केली, त्यामुळे केस, धूर, काच अशा अर्धपारदर्शक गोष्टींच्या कडा स्वच्छ निघू लागल्या. रंग निळा किंवा हिरवाच का? कारण माणसाच्या त्वचेत, मग ती गोरी असो की सावळी, तांबडा अंश प्रबळ असतो आणि हे दोन रंग त्याच्यापासून सहज वेगळे काढता येतात. जादू काही नाही, निरीक्षण आहे. हे मुलांनी प्रथम समजून घ्यावे.

मूळ हिशेब

आता थोडे गणित. घाबरण्याचे कारण नाही; बेरीज आणि गुणाकार येणाऱ्याला हे गणित येते.

संगणकावरचे चित्र लहान लहान ठिपक्यांचे असते. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात : तांबडा, हिरवा, निळा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी त्यात चौथा आकडा जोडला. त्याचे नाव अल्फा. हा आकडा ० असेल तर तेथे काहीच नाही, १ असेल तर ठिपका पूर्ण भरलेला आणि मधला असेल तर अर्धवट पारदर्शक. १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशी चित्रे एकमेकांवर ठेवण्याचे नियम एका निबंधात मांडले. त्यांतला 'ओव्हर' हा नियम आजही कंपोझिटिंगचा पाया आहे.

नियम असा : वरच्या चित्राला त्याच्या अल्फाने गुणावे. खालच्या चित्राला १ वजा अल्फा याने गुणावे. दोन्हींची बेरीज करावी.

उदाहरणार्थ, धुक्याचा उजेड ०.८० आणि अल्फा ०.४० आहे. मागच्या पुलाचा उजेड ०.५० आहे. धुक्याचे ०.८० गुणिले ०.४० म्हणजे ०.३२. पुलाचे ०.५० गुणिले ०.६० म्हणजे ०.३०. बेरीज ०.६२. हाच तो ठिपका.

आता नेहमी होणारी चूक पाहू. धुक्याचे चित्र आपल्याकडे आले तेव्हा ते अल्फाने आधीच गुणलेले होते, म्हणजे त्यात ०.३२ हा आकडा होता. ते न तपासता पुन्हा अल्फाने गुणले तर ०.३२ चे ०.१२८ होतात आणि उत्तर ०.४२८ येते. पडद्यावर ते धुके मळकट दिसते, माणसाच्या केसांभोवती काळी कड उमटते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एकाच व्हाउचरची नोंद दोनदा पडली! ताळेबंद जुळणार कसा? नवशिक्यांच्या कामात दिसणाऱ्या काळ्या किंवा पांढऱ्या कडांपैकी बऱ्याच कडा या एकाच घोटाळ्यातून येतात. तो ओळखता आला की सॉफ्टवेअर कोणतेही असो, दुरुस्ती हाताशी येते.

दुसरी गोष्ट उजेडाच्या मोजणीची. खोलीत एक दिवा असता दुसरा तेवढाच दिवा लावला तर उजेड दुप्पट होतो. परंतु नेहमीच्या पडद्यासाठी साठवलेल्या चित्रातले आकडे असे सरळ वाढत नाहीत. अशा चित्रात ०.५० लिहिलेले असते तेथे खरा उजेड सुमारे २१ टक्केच असतो. म्हणून चित्रे जोडण्यापूर्वी ती 'लिनिअर', म्हणजे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात, आणावी लागतात. इंडस्ट्रिअल लाइट अँड मॅजिक या संस्थेने २००३ साली सर्वांना मोफत खुली केलेली 'ओपन ईएक्सआर' ही फाइल-पद्धत याचसाठी आहे. साध्या ८ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. ईएक्सआरमध्ये पायऱ्या कितीतरी अधिक, आणि सूर्य, दिवा, ज्वाला यांचा पांढऱ्यापलीकडचा उजेडही त्यात टिकतो.

हत्यारे कोणती?

कंपोझिटिंगची सॉफ्टवेअरे दोन प्रकारची. एका प्रकारात चित्रांचे थर पत्त्यांप्रमाणे एकावर एक रचतात. १९९३ साली आलेले 'आफ्टर इफेक्ट्स' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. जाहिराती, शीर्षके, लहान कामे यांत ते फार चालते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक क्रिया ही एक पेटी असते, तिला नोड म्हणतात. पेट्या रेघांनी जोडल्या की कामाचा सारा वंशवृक्ष डोळ्यांसमोर राहतो. शेकडो क्रियांच्या शॉटमध्ये कोठे काय बिघडले हे शोधण्यास ही पद्धत सोयीची, म्हणून चित्रपटांच्या मोठ्या स्टुडिओंत तीच रूढ आहे.

न्यूक : अमेरिकेतील डिजिटल डोमेन या स्टुडिओत १९९३ पासून घडत गेलेले हे सॉफ्टवेअर २००७ पासून लंडनच्या फाउंड्री कंपनीकडे आहे. चित्रपटांच्या कंपोझिटिंगमध्ये आज सर्वाधिक मागणी याच्या जाणकारांना असते. व्यावसायिक परवाना महाग आहे. परंतु शिकणाऱ्यांसाठी 'नॉन-कमर्शियल' आवृत्ती मोफत मिळते, हे पालकांनी ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. तिच्यात चित्राचा आकार १९२० गुणिले १०८० पर्यंतच निघतो, काही सोयी बंद असतात आणि तिच्यावर पैसे मिळवण्याचे काम करता येत नाही. शिकण्यास मात्र ती भरपूर आहे.

फ्यूजन : हेही नोड-पद्धतीचे. २०१४ साली ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीने ते घेतले आणि २०१८ पासून ते 'डाविंची रिझॉल्व्ह' या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्येच बसवले. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे आणि तिच्यावर केलेले काम विकताही येते. लग्नाच्या चित्रफिती, लघुपट, स्थानिक जाहिराती करून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या मुलाला सुरुवातीस याहून चांगली सोय नाही.

ब्लेंडर : मुळात त्रिमिती चित्रांसाठीचे, परंतु त्यातही नोड-पद्धतीचा कंपोझिटर आहे. ते पूर्णपणे मुक्त आहे. वापरा, वाटा, विका, कोणी अडवत नाही. संगणकावर घडवलेली वस्तू आणि प्रत्यक्ष चित्रण यांचा मेळ शिकायचा तर ब्लेंडर हवेच.

नॅट्रॉन : फ्रान्समधील इन्रिया या संशोधन संस्थेत सुरू झालेले मुक्त सॉफ्टवेअर. मांडणी न्यूकसारखी. त्याची वाढ आता मंदावली आहे, तरी साध्या संगणकावर नोडची सवय लावून घेण्यास ते उपयोगी पडते.

याखेरीज हालत्या वस्तूचा सपाट पृष्ठभाग पकडून ठेवणारे 'मोका' आणि रोटो व पेंटच्या कामासाठीचे 'सिल्हूट' ही नावे ऐकू येतील. मोकाची एक आवृत्ती आफ्टर इफेक्ट्सबरोबरच मिळते.

संगणकाविषयी : १६ जीबी मेमरी किमान धरावी, ३२ जीबी असल्यास उत्तम. साठवणीस एसएसडी असावी, कारण एका शॉटच्या शेकडो फायली सतत वाचाव्या लागतात. फ्यूजनसाठी बरे ग्राफिक्स कार्डही लागते. एकट्या कुटुंबाला हा खर्च जड जात असेल तर वस्तीतल्या अभ्यासिकेत चार घरांनी मिळून एक संगणक ठेवावा व वेळा वाटून घ्याव्यात. चोरीची, कुलूप तोडलेली सॉफ्टवेअरे मात्र घेऊ नयेत. मोफत आणि कायदेशीर वाट असताना चोरवाट कशाला? त्यातून विषाणू येतात, आणि नोकरीच्या ठिकाणी ती सवय महागात पडते.

हत्याराआधी हात

सुतार करवत विकत घेतो म्हणून सुतार होत नाही. कंपोझिटरचे हातही काही ठरावीक कामांवर बसावे लागतात.

पहिले काम रोटो. हलणाऱ्या माणसाभोवती चौकटीमागून चौकट रेषा काढून त्याला वेगळे करायचे. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटमध्ये १२० चौकटी झाल्या. नवशिका प्रत्येक चौकटीवर रेषा हलवत बसतो आणि कड थरथरू लागते. जाणकार हाताची हालचाल जेथे सुरू होते, वळते आणि थांबते त्याच चौकटी आधी पक्क्या करतो, मधल्या संगणकाला भरू देतो आणि मगच लागेल तेथे दुरुस्ती करतो. सारे शरीर एका आकारात न कोंबता डोके, दंड, मनगट, बोटे असे वेगळे आकार करतो.

दुसरे काम की, म्हणजे हिरवा पडदा काढणे. यात एका बटणाने सारे होईल ही आशा सोडावी. शरीराच्या आतल्या भागासाठी एक घट्ट मॅट, केसांसाठी दुसरी मऊ मॅट आणि कडेबाहेरचा कचरा काढण्यासाठी तिसरी, अशी विभागणी करावी. पडद्याचा हिरवा रंग गालावर व खांद्यावर सांडलेला असतो, त्याला स्पिल म्हणतात. तो काढण्याचा एक साधा नियम असा की, हिरव्याचा आकडा तांबड्याच्या वर जाऊ देऊ नये.

तिसरे काम ट्रॅकिंग आणि सफाई : कॅमेऱ्याची हालचाल मोजून नवे चित्र त्याबरोबर हलवणे, तसेच दोरी, विजेची तार, मागून जाणारी मोटार पुसून टाकणे.

चौथे आणि खरे काम मेळ घालण्याचे. मागच्या चित्रातील सर्वांत काळा भाग किती काळा आहे? सावली कोणत्या रंगाकडे झुकते? लांबच्या वस्तू फिकट का दिसतात? कॅमेऱ्याचा दाणा, म्हणजे ग्रेन, नव्या तुकड्यावर आहे का? तपासताना चित्र खूप उजळ आणि खूप गडद करून पाहावे, तांबडा-हिरवा-निळा एकेक करून पाहावा आणि चित्र आडवे उलटे करून पाहावे. डोळा ज्याला सरावला आहे ती चूक अशा वेळी पटकन दिसते.

हे डोळ्याचे शिक्षण फुकट आहे. पावसाळी सकाळी स्टेशनावर उभे राहून दूरची इमारत आणि जवळचा खांब यांच्या काळेपणातला फरक पाहावा. तेही अभ्यासात धरावे.

शिकण्याची साधने

पुस्तकांत दोन नावे आवर्जून घ्यावीत. रॉन ब्रिंकमन यांचे 'द आर्ट अँड सायन्स ऑफ डिजिटल कंपोझिटिंग' आणि स्टीव्ह राइट यांचे 'डिजिटल कंपोझिटिंग फॉर फिल्म अँड व्हिडिओ'. पहिले तत्त्व समजावते, दुसरे काम कसे करावे ते दाखवते. दोन्हींचा भर कोणत्या एका सॉफ्टवेअरच्या बटणांपेक्षा मूळ तत्त्वांवर आहे, म्हणून ती जुनी होत नाहीत. इंग्रजी जड वाटल्यास दोघा-तिघांनी मिळून रोज चार पाने वाचावीत आणि आपल्या वहीत मराठीत टिपण काढावे. मातृभाषेत लिहिलेले डोक्यात राहते.

ब्लॅकमॅजिक कंपनी फ्यूजनचे पाठ्यपुस्तक सरावाच्या फायलींसह आपल्या संकेतस्थळावर मोफत देते. फाउंड्री न्यूकचे प्राथमिक धडे मोफत दाखवते. 'न्यूकपीडिया' या संकेतस्थळावर जगभरच्या कंपोझिटरांनी तयार केलेली लहान लहान हत्यारे वाटून ठेवलेली आहेत. ती उघडून आतल्या पेट्या कशा जोडल्या आहेत ते पाहणे हा उत्तम अभ्यास होय.

सरावाला चित्रण हवे. ब्लेंडर फाउंडेशनने २०१२ साली 'टिअर्स ऑफ स्टील' हा लघुपट केला आणि त्याचे मूळ चित्रणही सर्वांना खुले केले. 'हॉलिवूड कॅमेरा वर्क'ने हिरव्या पडद्याचे शॉट सरावासाठी मोफत ठेवले आहेत. 'पॉली हेवन' येथे प्रकाशाची व पृष्ठभागांची चित्रे कोणत्याही अटीविना मिळतात.

स्वतः चित्रणही करावे. मोबाइल तिवईवर ठेवून फोकस व उजेड कायम करावा. हिरवे कापड इस्त्री करून ताणून लावावे, माणसाला त्यापासून सहा-आठ फूट पुढे उभे करावे आणि कापडाला वेगळा, सारखा उजेड द्यावा. वाईट चित्रणाचा त्रास एकदा भोगला की चांगल्या चित्रणाची किंमत कळते.

सहा महिन्यांचा क्रम

आम्हाला सुचलेला क्रम असा. पहिला महिना : अल्फा, ओव्हर, लिनिअर उजेड, वरील धुक्याचे गणित हाताने करून तेच सॉफ्टवेअरमध्ये पडताळणे. दुसरा : फक्त रोटो, चालणारा माणूस, मग धावणारा, मग मोकळ्या केसांची मुलगी. तिसरा : की आणि स्पिल. चौथा : ट्रॅकिंग, पाटीवरील अक्षरे बदलणे, तार पुसणे. पाचवा : ब्लेंडरमधील एक वस्तू आपल्याच गल्लीच्या चित्रणात बसवणे. सहावा : चार-पाच चांगले शॉट निवडून एक-दीड मिनिटाची शोरील. प्रत्येक शॉटचे मूळ चित्रण, मधल्या पायऱ्या आणि अखेरचे रूप तीत दाखवावे, आणि आपण केलेले तेवढेच आपले म्हणावे. रोज दोन तास पुरतात, परंतु रोज.

फी, कर्ज आणि चार प्रश्न

येथे आम्ही आमच्या मूळ धंद्याकडे वळतो. आमच्या परिचयातील एका रिक्षाचालक गृहस्थांनी ठेव मोडून मुलाला एका खासगी क्लासमध्ये घातले. वर्षभरात मुलाला मेनू पाठ झाले, पण काळी कड का येते हे त्याला सांगता येईना. मुलाखतीत नेमके तेच विचारले गेले. पुढे त्याने वर सांगितलेल्या मोफत साधनांवर घरी पुन्हा अभ्यास केला आणि रोटोचे काम मिळवले. क्लास वाईटच असतात असे आम्ही म्हणत नाही. चांगला शिक्षक आणि चुका दाखवणारा डोळा यांना मोल नाही. परंतु फी भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : शिकवणाऱ्याने स्वतः कोणत्या चित्रपटांवर काम केले? मागच्या तुकडीतील मुलांच्या शोरील पाहता येतील का? मुलाच्या कामाची तपासणी आठवड्यातून किती वेळा? मध्येच सोडल्यास फी परत किती? 'शंभर टक्के नोकरी' असे तोंडी सांगितले जात असेल तर ते लेखी मागावे.

कर्जाचेही जाणून घ्यावे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण वा तिऱ्हाइताचा जामीन लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. परंतु अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा लागतो आणि पुष्कळ खासगी क्लासची प्रमाणपत्रे त्यात बसत नाहीत. कौशल्य अभ्यासक्रमांसाठी वेगळी आदर्श कौशल्य कर्ज योजना असून २०२४ साली तिची मर्यादा दीड लाखावरून साडेसात लाखांपर्यंत वाढवण्यात आली. क्लासचा माणूस 'कर्ज आम्हीच करून देतो' म्हणाला तरी आधी आपल्या शाखेत जाऊन विचारावे. शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज थांबत नाही. ३ लाखांवर ११ टक्के दर धरला तर वर्षाचे व्याज ३३ हजार होते. हा आकडा मुलालाही सांगावा, लपवू नये.

धंद्याची खरी स्थिती

या क्षेत्राची उजळ बाजू मोठी आहे. १९९७ साली मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकसने २०१४ साली लंडनच्या डबल निगेटिव्हशी हातमिळवणी केली. आज डीएनईजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्टुडिओचे नाव अनेक ऑस्करविजेत्या चित्रपटांशी जोडलेले आहे. २०२० च्या 'तान्हाजी' या चित्रपटाचे इफेक्ट्स प्रसाद सुतार यांच्या देखरेखीखाली झाले. पॉल लॅम्बर्ट हे मूळचे कंपोझिटर. न्यूकमधील एक प्रसिद्ध कीअर त्यांनी घडवला. 'ब्लेड रनर २०४९', 'फर्स्ट मॅन' आणि 'ड्यून'चे दोन भाग अशी चार ऑस्करे त्यांना इतरांसमवेत मिळाली. 'ड्यून'च्या वाळवंटासाठी त्यांनी हिरव्या पडद्याऐवजी वाळूच्याच रंगाचे पडदे लावले, म्हणजे कडेवर हिरवा सांडण्याचा प्रश्नच उरला नाही. तत्त्व समजलेला माणूस नियम असा बदलू शकतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'लाइफ ऑफ पाय'चे इफेक्ट्स करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या स्टुडिओने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळाले! फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर समूह कोसळला व त्याची झळ भारतातील कामगारांनाही बसली. रात्रपाळ्या, मुदतीची घाई आणि कंत्राटी नोकरी हे या धंद्याचे वास्तव आहे. पहिल्या पगारापासून काही महिन्यांचा घरखर्च बाजूला टाकण्याची सवय येथे सरकारी नोकरीपेक्षा अधिक गरजेची.

यंत्राचाही विचार हवा. २०२१ साली न्यूकच्या तेराव्या आवृत्तीत 'कॉपीकॅट' आले; हाताने केलेल्या थोड्या चौकटींवरून ते बाकीच्या चौकटी शिकते. २०२३ साली मेटा कंपनीने चित्रातील वस्तू आपोआप वेगळ्या काढणारी प्रणाली खुली केली. रोटो हे आपल्याकडे येणारे पहिले काम आणि यंत्राच्या तडाख्यात सापडणारेही पहिले. म्हणून रोटोवर थांबू नये. कड चुकली हे ओळखणारा डोळा आणि ती का चुकली हे सांगणारी बुद्धी यांची गरज यंत्राच्या जोडीनेही राहील, असे आमचे मत आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, व्हीएफएक्स व गेमिंगसाठी मुंबईत राष्ट्रीय केंद्र स्थापण्यास मंजुरी दिली. अशा सार्वजनिक संस्थांच्या प्रवेशांकडे पालकांनी लक्ष ठेवावे.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. एके काळी ही विद्या स्टुडिओच्या बंद दारांआड होती. तिची हत्यारे लाखांच्या घरात होती आणि ओळखीशिवाय आत पाऊल ठेवता येत नव्हते. आज हत्यार मोफत आहे, पुस्तक उपलब्ध आहे आणि सरावाचे चित्रणही खुले आहे. आता अडसर पैशाचा कमी आणि माहितीचा अधिक आहे. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी हा हट्ट धरत असेल तर त्याला लगेच नाही म्हणू नका आणि लगेच चेकही फाडू नका. सहा महिने द्या, एक संगणक द्या, आणि महिन्याच्या शेवटी त्याने काय केले ते त्याच्या शेजारी बसून पाहा. सहा महिन्यांनंतरही त्याची गोडी टिकली, तर मग फी भरण्याचा निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येईल.